परदेशी चॅनल बंद करा म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एक पत्र होतं, परदेशी न्यूज चॅनल आपल्या देशात दिसूच देऊ नयेत, बीबीसी असो की अल जझीरा की अजून कुणी, सगळे भारताच्या वाईटावर टपलेत, असा त्याचा एकंदर सूर. पत्र रागाने लिहिलेलं होतं पण तो राग खोटा नव्हता, मलाही तो बऱ्याचदा येतो, म्हणूनच उत्तर लिहावंसं वाटलं. पत्र लांबणार आहे, जागा नसेल तर खुशाल कापा, फक्त मे महिन्यातल्या त्या रात्रीचं जे लिहिलंय तेवढं ठेवा.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा फौजेत आहे. २०२५ च्या मे मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा त्याचं पोस्टिंग जम्मूच्या बाजूला होतं आणि दोन दिवस त्याचा फोन नव्हता. ८ तारखेच्या रात्री साडेबाराला बहिणीचा फोन आला, आवाजात रडूही होतं आणि आनंदही, म्हणाली, दादा, कराची पडलं म्हणतायत, आता संपलं ना रे सगळं, येईल ना तो घरी? मी टीव्ही लावला. एका चॅनलवर आपल्या नौदलाने कराची बंदर उडवलं असं मोठमोठ्या लाल अक्षरात, दुसऱ्यावर पाकिस्तानच्या लष्करप्रमुखाला अटक झाली म्हणून ब्रेकिंग, तिसऱ्यावर आपली फौज इस्लामाबादच्या आत, आणि सगळ्यांच्या मागे हवाई हल्ल्याचे भोंगे वाजतायत (हे भोंगे वाजवू नका असं नंतर केंद्रीय गृहखात्याला चॅनलना लेखी सांगावं लागलं). सात-आठ जण एकाच वेळी ओरडत होते. मी फोनवर बीबीसी उघडलं, मग रॉयटर्स ही वृत्तसंस्था. तिथे कराचीचं नावही नव्हतं, दोन्ही देश काय दावे करतायत ते लिहून खाली एकच साधं वाक्य होतं, या दाव्यांना स्वतंत्र दुजोरा मिळालेला नाही. मी बहिणीला म्हटलं, अगं असं काही झालेलं दिसत नाहीये, तू झोप. ती म्हणाली, मग हे सगळे एवढं खात्रीने कसं सांगतायत? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कराची जागच्या जागी होतं, बंदर सुद्धा. भाचा सुखरूप आहे, १० तारखेला गोळीबार थांबला आणि त्या रात्री उशिरा त्याचा फोन आला. पण बहिणीची ती रात्र कुणी परत दिली नाही. एखाद-दुसऱ्या अँकरने चुकलो म्हणून सांगितलं असेल, पण ज्या साइजच्या अक्षरात कराची उडवलं होतं त्या साइजच्या अक्षरात 'आम्ही खोटी बातमी दिली' असं मी तरी कुठे पाहिलं नाही, आणि मी पुढचे आठ दिवस मुद्दाम बघत होतो.

आता याच प्रकरणाची दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर एकांगी होईल. त्याच दिवसात परदेशी मीडियात आपली विमानं पडल्याच्या बातम्या येत होत्या आणि आपल्याकडे सगळे म्हणत होते की हा शत्रूचा प्रचार आहे, परदेशी चॅनल पाकिस्तानचं ऐकून लिहितायत. मलाही तसंच वाटत होतं. मग ३१ मे ला आपले तेव्हाचे सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, जनरल अनिल चौहान सिंगापूरला गेलेले असताना त्यांनीच सांगितलं की काही विमानांचं नुकसान झालं, आकडा सांगितला नाही, आणि सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा पूर्ण खोटा आहे हेही ठणकावून सांगितलं. म्हणजे परदेशातल्या बातम्यांत काही खरं होतं, काही खोटं होतं. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं? ब्लूमबर्गला, म्हणजे एका अमेरिकन चॅनलला. आपल्याच सेनादलांची खरी गोष्ट आपल्याला परदेशी चॅनलच्या मुलाखतीतून कळली. ज्यांना परदेशी चॅनल बंद हवेत त्यांनी मला एवढंच सांगावं की ते बंद असते तर ही गोष्ट आपल्याला केव्हा आणि कुणाकडून कळली असती.

मी साठी ओलांडलेला माणूस आहे. आणीबाणी लागली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील शाखेत जाणारे, आणि आमचे काका पक्के काँग्रेसवाले, इंदिराबाईंचा फोटो देवघराशेजारी लावणारे. रात्री जेवणं झाली की वडील खोलीची कडी लावून ट्रान्झिस्टर कानाला लावायचे, बीबीसी हिंदी, शॉर्टवेव्ह, आवाज इतका कमी की बाजूला बसलेल्या मला फक्त खरखर ऐकू यायची. मध्येच स्टेशन जायचं मग ते काटा केसभर इकडे केसभर तिकडे करत बसायचे. पेपरात काही नसायचंच, २५ जूनच्या रात्री दिल्लीत पेपरांच्या छापखान्यांची वीज तोडली होती आणि मग सेन्सॉर बसला, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून उघड बोलल्या ती गोष्ट सुद्धा आमच्या घरी तोंडी आली, कुणीतरी जाऊन आलेल्याने सांगितली. परदेशी बातमीदारांना सेन्सॉरचे नियम पाळीन असं लिहून मागितलं, बीबीसीने नकार दिला आणि त्यांचे बातमीदार मार्क टली यांना देश सोडावा लागला. काका तेव्हा वडिलांना म्हणायचे, गोऱ्यांचं ऐकतोस, यांना देश फोडायचाय, यामागे परकीय हात आहे. वडील म्हणायचे, माझे मित्र येरवड्यात आहेत हे मला आपला रेडिओ सांगणार नाही.

आज वडील नाहीत, काका आहेत, नव्वदीला टेकलेत. आणि परिस्थिती बरोबर उलटी झालीये. वडिलांचे शाखेतले जे मित्र तेव्हा आमच्या घरी येऊन काल रात्री बीबीसीने काय सांगितलं असं हळू आवाजात विचारायचे, त्यांची मुलं आज मला व्हॉट्सअपवर बीबीसीवर बहिष्कार घाला असे मेसेज पाठवतात, आणि काका नातवाकडून बीबीसीच्या लिंक फॅमिली ग्रुपवर टाकून घेतात, बघा जग काय म्हणतंय म्हणून. दोन्हीकडची माणसं माझी आहेत, दोघांवरही माझा जीव आहे, पण यात चॅनल बदललं नाही, आपली खुर्ची बदलली. जो सत्तेत आहे त्याच्या माणसांना परदेशी चॅनल शत्रू वाटतं, जो बाहेर आहे त्याच्या माणसांना तोच एक खरा वाटतो.

आणि हे कुठल्या एका पक्षाचं नाही. १९७० साली लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या भारतावरच्या डॉक्युमेंटरी बीबीसीने दाखवल्या, देशाची गरिबीच दाखवली म्हणून आपल्याकडे संताप झाला आणि काँग्रेस सरकारने बीबीसीचं दिल्लीतलं ऑफिस बंद केलं, ते १९७२ पर्यंत बंद होतं. २०१५ च्या एप्रिलमध्ये अल जझीरा पाच दिवस बंद ठेवलं कारण त्यांनी काश्मीरचा नकाशा चुकीचा दाखवला होता. २०२३ च्या जानेवारीत गुजरात दंगलीवरच्या बीबीसीच्या डॉक्युमेंटरीच्या लिंक आयटी नियमांतले तातडीचे अधिकार वापरून काढायला लावल्या आणि फेब्रुवारीत त्यांच्या दिल्ली-मुंबईच्या ऑफिसात इन्कम टॅक्सचे लोक गेले. नकाशाच्या बाबतीत सरकारचा राग बरोबर होता, नकाशा चुकवणं ही चूकच आहे आणि ती सुधारून घ्यायलाच हवी. डॉक्युमेंटरीच्या बाबतीत मला तसं वाटत नाही. ती एकांगी आहे असं म्हणायचं असेल तर ती लोकांना बघू द्यायला हवी होती आणि मग प्राइम टाइमला बसून एकेक मुद्दा खोडून काढायला हवा होता, आपल्याकडे काय वकील कमी आहेत का, पत्रकार कमी आहेत का? बंदी घातली आणि ज्याला त्या विषयात रस नव्हता त्यानेही ती शोधून बघितली, माझ्या मुलीच्या कॉलेजातल्या पोरांनी एका लॅपटॉपभोवती बसून बघितली.

तरी ज्या माणसाला १९७५ मध्ये जावं लागलं त्या टलींना याच देशाने १९९२ ला पद्मश्री आणि २००५ ला पद्मभूषण दिलं. मधल्या काळात, १९९२ च्या ६ डिसेंबरला, अयोध्येत जमावाने त्यांना खोलीत कोंडलं होतं. एकाच बातमीदाराला एकाच देशाकडून किती वेगवेगळी वागणूक मिळते ते बघा, आणि तो करत होता काय तर बातमीदारी.

आता पत्रलेखकांचा खरा मुद्दा, की हे सगळे बायस्ड असतात. असतात! यात वाद नाही. मी तर म्हणतो की पैसे कुठून येतात हे बघितल्याशिवाय कुठलंच चॅनल बघू नये. अल जझीरा कतारच्या सरकारच्या पैशावर चालतं, ते जगभरातल्या राजांची भांडणं दाखवतील पण कतारच्या अमीराला अडचणीत आणणारा प्रश्न तिथे मी तरी पाहिला नाही. आरटी रशियन सरकारचं, सीजीटीएन चीनचं, डीडब्ल्यू जर्मन करदात्याच्या पैशावर. बीबीसी ब्रिटनमधल्या टीव्ही असलेल्या घरांकडून लायसन्स फी घेते आणि तिच्या वर्ल्ड सर्व्हिसला ब्रिटिश परराष्ट्र खात्याकडूनही पैसा मिळतो. व्हॉइस ऑफ अमेरिका तर नावातच आहे, आणि २०२५ च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी एका आदेशाने ऐंशी वर्षांपेक्षा जुनं ते स्टेशन जवळजवळ गप्प केलं, कर्मचारी एका दिवसात घरी बसवले. ज्याचा पैसा त्याचं बटण, हे आपल्या चॅनलना लागू आहे तसंच त्यांनाही.

आणि चुका? २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आपलं मंगळयान पहिल्याच प्रयत्नात पोचलं, मी सकाळी सहापासून टीव्हीसमोर बसलो होतो, आणि काही दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सने कार्टून छापलं, एलिट स्पेस क्लबच्या दारावर एक फेटेवाला शेतकरी गाय घेऊन टकटक करतोय आणि आत सुटाबुटातले दोन गोरे बसलेत. मला ते अजून बोचतं. आमच्या शास्त्रज्ञांनी एवढ्या कमी खर्चात ते काम केलं आणि यांना अजून गायच दिसते, हा तो जुना साहेबी चष्मा, तो त्यांच्या डोळ्यावरून पूर्ण उतरलेला नाही आणि ते कबूल न करणारे आपल्याकडचे इंग्रजी वाचणारे लोक पण मला पटत नाहीत. याच पेपरने इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याच्या बातम्या छापून २००३ च्या युद्धाला हवा दिली, ती शस्त्रं कधी सापडलीच नाहीत, आणि माणसं मेली ती मेलीच.

पण. कार्टूनबद्दल खूप वाचकांनी तक्रारी केल्या आणि संपादकांनी जाहीर माफी मागितली. इराकबद्दल २००४ च्या मे मध्ये त्यांनी स्वतःच्याच पेपरात संपादकीय टिपण छापून आमच्या या या बातम्या कच्च्या होत्या असं लिहून काढलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बीबीसीचं तर नाकच कापलं गेलं, ट्रम्प यांच्या २०२१ च्या ६ जानेवारीच्या (अमेरिकन संसदेवर जमाव चालून गेला त्या दिवशीच्या) भाषणाचे दोन वेगळे तुकडे असे जोडले होते की अर्थच बदलला, ते त्यांच्याच देशातल्या एका पेपरने बाहेर काढलं आणि बीबीसीचे सर्वात वरचे दोन अधिकारी, डायरेक्टर जनरल टिम डेव्ही आणि न्यूजच्या प्रमुख डेबोरा टर्नेस, दोघांनी राजीनामे दिले. पत्रलेखक म्हणतील, बघा, सिद्ध झालं ना बायस्ड आहेत. हो सिद्ध झालं. पण एका जोडलेल्या क्लिपसाठी तिथला सर्वोच्च माणूस खुर्ची सोडतो आणि इथे एक अख्खं शहर काबीज केल्याची खोटी बातमी देऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच माणूस त्याच खुर्चीत बसून दुसऱ्यांना देशभक्ती शिकवतो. बायस दोन्हीकडे आहे, चुकांचा हिशोब मात्र एकीकडेच मागितला जातो, आणि तो मागायचं काम वाचक-प्रेक्षकांचं आहे, आपलं आहे, ते आपण करत नाही.

शब्दांवरून जो वाद होतो त्याबद्दल पण लिहितो कारण तो पत्रात होता. पहलगामला २६ माणसं मारली, धर्म विचारून मारली, आणि बीबीसीने मारणाऱ्यांना मिलिटंट म्हटलं, आपल्या सरकारने त्यांना पत्र लिहिलं. माझंही डोकं तापलं होतं. मग वाचत गेलो तेव्हा कळलं की दहशतवादी हा शब्द स्वतःच्या तोंडाने वापरायचा नाही, दुसरा कोणी म्हणाला तर त्याच्या नावाने द्यायचा, असा त्यांचा जुना नियम आहे आणि तो फक्त आपल्याला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हमासने इस्रायलमध्ये हत्याकांड केलं तेव्हाही त्यांनी तो शब्द वापरला नाही आणि ब्रिटनचे मंत्रीच त्यांच्यावर तुटून पडले. १९८२ ला फॉकलंडच्या युद्धात बीबीसी 'आपलं सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हणायची म्हणून त्यांच्या सत्ताधारी पक्षाचे खासदार त्यांना देशद्रोही ठरवायला निघाले होते. मला तो नियम आजही पटत नाही, निःशस्त्र माणसाला बायको-मुलांसमोर गोळी घालणारा दहशतवादीच. पण नियम न पटणं वेगळं आणि भारताविरुद्ध कट आहे म्हणणं वेगळं. आणि आपल्या मराठी पेपरांचं बघा ना, वर्षानुवर्षं आपण 'अतिरेकी' लिहितोय, हेडिंगमध्ये चार अक्षरांत बसतो म्हणून, दहशतवादी लिहायला जागा लागते. अतिरेकी म्हणजे खरं तर अतिरेक करणारा, एवढाच अर्थ. कुणी म्हटलं का कधी की मराठी पेपर पाकिस्तानचे आहेत?

बीबीसी म्हणजे ब्रिटिश सरकारचा भोंगा असं म्हणणाऱ्यांना अजून एक. १९५६ मध्ये इजिप्तमधल्या सुएझ कालव्यावरून ब्रिटनने युद्ध काढलं, पंतप्रधान ईडन देशाशी बोलले, आणि बीबीसीने दुसऱ्या बाजूला विरोधी पक्षनेते गेट्सकेल यांनाही बोलायला वेळ दिला, युद्ध चालू असताना. ईडन भयंकर चिडले. आपल्याकडे सैन्य सीमेवर असताना विरोधी पक्षनेत्याला तेवढाच वेळ देईल असं सरकारी काय, खाजगी चॅनल तरी आहे का, याचा प्रामाणिकपणे विचार करा. पण त्यांचंही सगळं गोड नाही, १९८८ ते १९९४ सहा वर्षं थॅचर सरकारच्या हुकुमाने शिन फेनच्या (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून वेगळं करा म्हणणाऱ्या पक्षाच्या) नेत्यांचा आवाज टीव्ही-रेडिओवर ऐकवायला बंदी होती. चेहरा दाखवायचा, बोललेलं सांगायचं, पण आवाज नाही. मग बीबीसीवाले नट आणायचे, त्यांचा नेता गेरी अॅडम्सचे ओठ हलतायत आणि आवाज नटाचा, तोच मजकूर शब्दन् शब्द. सहा वर्षं सरकारला वाटत होतं आपण काहीतरी थांबवलं.

आजही तेच सगळीकडे चाललंय. ब्रिटनने २०२१ च्या फेब्रुवारीत चीनच्या सीजीटीएनचं लायसन्स काढलं, आठवड्याभरात चीनने बीबीसी वर्ल्ड बंद केलं. २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाल्यावर युरोपियन युनियनने रशियाचे आरटी आणि स्पुटनिक बंद केले. आरटी खोटं सांगतं हे मला मान्य आहे पण जर्मनीतल्या माणसाला ते खोटं स्वतः ऐकून खोटं म्हणू द्यायला काय हरकत होती, बोलायच्या स्वातंत्र्यावर जगाला भाषणं देणाऱ्यांनी हे केलं याचं मला वाईट वाटलं. इस्रायलने २०२४ च्या मे मध्ये अल जझीराचं ऑफिस बंद केलं, हमासची बाजू घेतात म्हणून. आणि २०२५ च्या १ जानेवारीला वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी प्रशासनाने पण अल जझीरा बंद केलं, आमच्याविरुद्ध चिथावतात म्हणून. एकमेकांशी न पटणाऱ्या दोघांना एकच चॅनल नको झालं. मग ते नक्की कुणाच्या बाजूचं होतं?

कोविडचं तर लिहायलाच हवं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये परदेशी पेपरांत आपल्या स्मशानांचे ड्रोनने काढलेले फोटो आले, आणि सगळीकडे संताप, यांना आमची प्रेतं विकायचीत, गिधाडं आहेत. ते फोटो काढणाऱ्यांत रॉयटर्सचा दानिश सिद्दीकी होता, इथलाच, दिल्लीचा मुलगा, तो जुलैमध्ये अफगाणिस्तानात मारला गेला आणि त्या कोविडच्या फोटोंसाठी त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना २०२२ मध्ये पुलित्झर मिळालं. म्हणजे ज्याला आपण परदेशी मीडिया म्हणून शिव्या देत होतो तो कॅमेरा आपल्याच माणसाच्या हातात होता. आणि तेव्हाच गुजरातमधल्या गुजराती पेपरांनी, बातमीदार स्मशानाबाहेर रात्र रात्र बसवून, मृत्यूचे दाखले मोजून, सरकारी आकड्यात आणि जळणाऱ्या चितांत किती फरक आहे ते छापलं. त्यांना कोण परदेशी म्हणणार? मी माझा जवळचा मित्र त्या एप्रिलमध्ये गमावला, बेड मिळाला नाही, ऑक्सिजन मिळाला नाही, आणि त्याचं नाव कोविडच्या यादीत आलं नाही कारण रिपोर्ट यायच्या आधीच तो गेला. मला तरी तो फोटो बघून देशाचा अपमान वाटला नाही, मला वाटलं की कुणीतरी लिहून ठेवतंय.

आता कायद्याचं. मी वकील नाही पण एक गोष्ट साधी आहे जी दोन्ही बाजूचे लोक विसरतात. आपल्या घटनेचं १९(१)(क) कलम, बोलण्याचं स्वातंत्र्य, हे फक्त नागरिकांना आहे. बीबीसीला नाही, अल जझीराला नाही. ते परदेशी आहेत, त्यांच्या हक्कासाठी मी भांडतच नाहीये. मी माझ्या हक्कासाठी भांडतोय, ऐकायच्या. १९६१ साली 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला होता, सरकारने पेपरच्या किंमतीवरून किती पानं छापायची ते ठरवणारा कायदा केला होता त्याविरुद्ध, आणि त्या खटल्यात मालकांसोबत दोन वाचकही अर्जदार होते. आपला मराठी पेपर आणि त्याचे मराठी वाचक! कोर्टाने तो कायदा रद्द केला. १९९५ ला क्रिकेट मॅचच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट असोसिएशनचा खटला झाला त्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे आणि माहिती मिळवणं हा पण बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मीडियावन या मल्याळी चॅनलवरची बंदी उठवताना कोर्टाने सरकारला स्पष्ट सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षा असं नुसतं म्हणून चालणार नाही, बंद पाकिटात कारणं देऊन चालणार नाही. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं चॅनल बंद करा तेव्हा मला ऐकू येतं, तुझा रिमोट दे इकडे. मी तो देणार नाही. युद्धाच्या वेळी सैन्य कुठे हललं, छापा कुठे चाललाय हे लाइव्ह दाखवू नका हा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, २६/११ ला ताज-ओबेरॉयच्या बाहेरून चॅनलवाल्यांनी काय केलं ते आपण पाहिलंय आणि सुप्रीम कोर्टाने कसाबच्या निकालात त्यावर ताशेरे मारलेत. पण ते करणारे आपलेच चॅनल होते, परदेशी नव्हते.

शेवटी संपादकसाहेब, तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती त्या पत्रलेखकांनाही मान्य व्हावी. तुमच्या देश-विदेश पानावर रोज बातमीच्या सुरुवातीला 'लंडन : वृत्तसंस्था', 'वॉशिंग्टन : वृत्तसंस्था' असं असतं. ही वृत्तसंस्था म्हणजे नेमकी कोण? बहुतेक वेळा ती रॉयटर्स असते, नाहीतर अमेरिकेची एपी, नाहीतर फ्रान्सची एएफपी, आपल्या पीटीआयकडून परदेशातल्या बातम्या येतात त्यातही बऱ्याच एपीच्याच असतात. म्हणजे जे गृहस्थ परदेशी मीडिया नको म्हणून तुम्हाला पत्र लिहितात ते रोज सकाळी चहाबरोबर परदेशी मीडियाच वाचतायत, मराठीत भाषांतर झालेला, फक्त नाव काढून टाकलेला. मी काल मुद्दाम मोजलं, तुमच्या त्या पानावर परदेशातल्या अकरा बातम्या होत्या आणि त्यातल्या नऊंवर नुसतं 'वृत्तसंस्था'. ते नाव पूर्ण छापा. रॉयटर्स असेल तर रॉयटर्स, चीनची शिन्हुआ असेल तर शिन्हुआ, म्हणजे वाचकाला कुणाचं किती खरं धरायचं ते ठरवता येईल.

आणि दुसरं, तुमची दुरुस्ती सातव्या पानावर निविदांच्या खाली येते, बारीक टाइपात, मला ती चष्मा लावूनही शोधावी लागते. मे महिन्यात तुमच्याही पहिल्या पानावर कराचीची एक ओळ होती, ९ तारखेच्या शहर आवृत्तीत, मी तो अंक जपून ठेवलाय. त्याची दुरुस्ती मला अजून दिसलेली नाही. आली असेल तर तारीख कळवा, मी तो अंक पण शोधून त्याच्याशेजारी ठेवतो, आणि बहिणीला दाखवतो.

आपला,
चाळीस वर्षांपासूनचा एक वाचक